नवा जावई आणि दोन दिवसांची वायर

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

भाचीचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण गेले पंधरा दिवस पॅनेलापुढे उकिडवं बसून कंबर अशी धरली आहे, की एकदा आडवी झाले तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा हा उभ्या उभ्या केलेला गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचे डोळ्यांचे थेंब वेळेवर चालू आहेत ना? आणि गॅलरीतल्या त्या लिंबाच्या झाडाला तुम्ही अजून रोज ओरडता का? आम्ही इकडे सगळे बरे आहोत. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण मागच्या फोनवर मी दहा मिनिटं बोलले, तुम्ही दहा मिनिटं "हो, हो" म्हणालात आणि शेवटी विचारलंत, "बरं, फोन का केला होतास?" तुम्हाला ऐकू येत नाही असं मी म्हणत नाही. (तशी छाती नाही.) हल्लीची माणसंच हळू बोलतात हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून हे पत्र. कागदाला हळू बोलता येत नाही.

तुम्ही कुठलंही पत्र शेवटच्या पानापासून वाचता हे माहीत असल्यामुळे निकाल पहिल्याच पानावर सांगून टाकते, म्हणजे चुकामूक व्हायला नको. मी जिंकले. तुमची भाची जिंकली, दोन नंबरचं गुंडाळणी यंत्र जिंकलं आणि ज्या कंपनीचं नाव तुम्हाला, मला, आमच्या मोठ्या साहेबांना आणि तो डबा विकायला आलेल्या माणसालाही नीट उच्चारता येत नाही, ती कंपनीसुद्धा जिंकली. तुम्ही म्हणाला होतात, "जिचं नाव तोंडात बसत नाही, तिचा डबा पॅनेलात बसवायचा नाही. पंधरा दिवस टिकला तर तू सांगशील ते करीन." मामी साक्षीला होती. तिने हे वाक्य कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे, असं तिनेच मला कळवलं. तर मामा, आज सोळावा दिवस आहे.

(मामी, तू हे पत्र मामांच्या खांद्यावरून वाचते आहेस हे मला इथून दिसतंय, म्हणून तुझ्यासाठी सांगते. प्रत्येक यंत्राच्या पॅनेलात एक डबा असतो. त्याला पीएलसी म्हणतात. कुठलं बटण दाबलं गेलं, कुठला दरवाजा उघडला, साबणाची वडी कुठवर आली, हे सगळं वायरींमधून त्याला कळतं आणि मग तो पट्ट्याला म्हणतो चाल, पात्याला म्हणतो काप, कागदाला म्हणतो वळ. थोडक्यात, एकत्र कुटुंबातली थोरली सून. बसलेली कुठे दिसत नाही, पण ती आजारी पडली की घर थांबतं.)

तर झालं असं. दोन नंबरच्या म्हातारीचा जुना डबा विसरभोळा झाला. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा ठणठणीत होता. आता महिन्यातून दोनदा सकाळी उठून तो विचारायला लागला, की मी कोण आणि ही वडी इथे कशाला आली. दर वेळी त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायचं. तसले डबे बनवणं बंद होऊन जमाना झाला, आणि आपल्या कपाटातला शेवटचा शिलकी डबा मागच्या वर्षीच कामी आला. मोठे साहेब म्हणाले, महिनाअखेर काही सोय झाली नाही तर म्हातारीला भंगारात काढू आणि तिच्यावरच्या तिघींना दुसऱ्या कारखान्यात पाठवू. तो दुसरा कारखाना बसने दीड तासावर आहे. तिघींतल्या थोरल्या ताईंनी (वीस वर्षं त्याच यंत्रावर आहेत, तुम्ही त्यांना 'तिखट' म्हणायचात) नुसता म्हातारीच्या पत्र्यावरून फडका फिरवला, आणि तो फिरवताना जरा जास्त वेळ लावला. ते मला बघवेना. तुम्ही तुमच्या हाताने त्या यंत्राची वायर न् वायर ओढली आहे. मी त्याच्या पोटात डोकं घालून धंदा शिकले. मी साहेबांना म्हटलं, मला पंधरा दिवस द्या, दुसऱ्या कुणाचा तरी डबा बसवून बघते. नामवंत कंपन्यांनी "सहा महिन्यांनी पाठवू" असं कळवलं. आठवड्याभरात डबा पाठवायला तयार झाली ती फक्त ही एक, नाव न उच्चारता येणारी.

डबा आला. रंगाने फिकट, अंगाने बारीक, आणि बरोबर एक माहितीपुस्तक. ते कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत नेताना मूळ अर्थ कुठे सांडला देव जाणे. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "यंत्रास आनंदी वातावरणात ठेवावे व त्याजवर अचानक निर्णय लादू नये." आमच्याकडे इतकी वर्षं मलाही कुणी असं ठेवलेलं नाही. मी त्याला वीज दिली, एक बटण दाबलं आणि तो शिट्टी वाजवायला लागला. चाळीस मिनिटं वाजवली. ती बंद कशी करायची हे पुस्तकात 'मौन' या प्रकरणात होतं आणि मी शोधत होते 'आवाज'. तोवर आजूबाजूच्या विभागांतली माणसं बघायला गोळा झाली. तिखट ताईंनी त्याच दिवशी त्याचं नाव 'जावई' ठेवलं. थंड हवेत बसतो, डोळे मिचकावतो, काही विचारलं तर कळेल असं बोलत नाही आणि सगळं घर त्याच्याभोवती नाचतं, हे त्यांचं कारण.

परीक्षा मात्र मी कडक घेतली, मामा. तुम्ही मला शिकवलंत, की अनोळखी सामानाचा गोड चेहरा बघायचा नाही, त्याला त्रास देऊन बघायचा. मी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि त्याच्यावर तासभर गरम हवा सोडली. चहाच्या किटलीची वाफ दिली. घरचा मिक्सर आणून शेजारच्याच पॉइंटवर फिरवला, कारण आमच्या त्या मिक्सरने आजवर तीन रेडिओ आणि एका शेजाऱ्याचा टीव्ही बिघडवलेला आहे. (मिक्सर का नेला म्हणून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. चटणी पाट्यावर वाटली आणि ती वाटताना जेवढे आवाज करता येतात तेवढे केले.) चालू असताना चाळीस वेळा वीज तोडली, चाळीस वेळा जोडली. शेवटी फडक्यात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि चार दिवस घर ते कारखाना असा फिरवला, मुद्दाम खड्ड्यांतून. नवरा म्हणाला, "आपल्या लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली असतीस तर?" मी म्हटलं, केली असती तर तू नापास झाला असतास, तुला गार हवा सोसत नाही. जावई मात्र पास. एकदाही विसरला नाही, एकदाही अडखळला नाही. पाचव्या दिवशी मी त्याला म्हातारीच्या पॅनेलात बसवला. जुना डबा त्याच्या वायरी जोडायच्या जुन्या पट्टीसकट तसाच शेजारी ठेवला आणि जावयासाठी प्रत्येक स्विचपासून नवी कोरी वायर ओढली. म्हणजे फजिती झालीच तर अर्ध्या तासात मागे जाता यावं. (हे शहाणपण तुमचंच. यापुढची फजिती माझी.)

आणि इथून माझी वाट लागली. यंत्र सुरू झालं, वड्या झरझर गुंडाळल्या जाऊ लागल्या, साहेब कौतुकाने बघायला आले आणि ते आले त्याच क्षणी म्हातारी थांबली. पुन्हा सुरू केली. वीस मिनिटांनी थांबली. पुन्हा. त्या दिवशी चौदा वेळा थांबली. जावयाच्या छोट्या पडद्यावर दर वेळी एकच ओळ, "दरवाजा उघडा." कुठला दरवाजा? पात्यापुढचा तो पारदर्शक दरवाजा तर दर वेळी बंदच. मी ताईंना विचारलं, थांबायच्या आधी काय झालं होतं? म्हणाल्या, "काही नाही. मी माझं काम करत होते." दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. काही नाही. मी स्विच बदलला, वायर बदलली, दरवाज्याची बिजागरी बदलली. सहाव्या दिवशी अकरा वेळा, सातव्या दिवशी सोळा वेळा. तिखट ताई लांबूनच हाक मारायच्या, "मॅडम, या लवकर, जावई पुन्हा रुसलाय. पाय धुवायला पाणी आणा." मी हसायचे. पण खरं सांगू, घरी जाताना स्कूटरवर डोळ्यांत पाणी यायचं आणि मी ते धुळीवर ढकलायचे. चाळिशी उलटल्यावर माणूस हरायला घाबरत नाही, आपण हरलो हे तिघींना सांगायला घाबरतं.

दहाव्या दिवशी साहेब म्हणाले, जुना डबा लावून बघा, म्हणजे दोष यंत्राचा की पाहुण्याचा ते कळेल. लावला. जुना विसरभोळा त्या दिवशी मुद्दाम शहाण्यासारखा वागला. सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही थांबला नाही. झालं. निकाल लागला. साहेब म्हणाले, "शेवटी जुनं ते जुनं." मी अहवालाचा कागद काढला. त्यात दोनच रकाने होते, योग्य आणि अयोग्य. अयोग्यपुढे खूण करायला पेन टेकवलं. पण जेवल्याशिवाय सही करायची नाही ही माझी जुनी सवय (उपाशीपोटी मी फार कठोर होते), म्हणून जेवणाचा डबा घेऊन म्हातारीसमोरच स्टुलावर बसले.

मामा, इतक्या वर्षांत त्या यंत्रासमोर मी काही काम नसताना बसलेच नव्हते. नेहमी बिघडल्यावर जायचं, दुरुस्त करायचं, निघायचं. चालू यंत्राकडे कोण बघतं? त्या दिवशी पोळीचा घास हातात धरून मी ताईंचा हात बघत होते. कागदाची गुंडाळी संपत आली, की कागद उजवीकडे किंचित तिरका जातो. तसा तो गेला. ताई शेजारणीशी भावाच्या नव्या घराबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता, न बघता, त्यांनी डाव्या कोपराने दरवाजा चार बोटं उचलला, उजवा हात आत घातला, कागदाला एक टपली मारली, हात बाहेर, दरवाजा खाली. भावाच्या घराचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. पापणी लवावी तसं. वर्षानुवर्षं, दिवसातून पंधरा वेळा. त्यांना विचारलं तर त्या काय सांगणार? पापणी किती वेळा लवली ते कुणी सांगतं का? (आणि मामा, मला शिकाऊ असताना त्या यंत्रावर बसवलं होतं, तेव्हा मीही तेच करायचे. कोपर, हात, टपली. माझ्या कोपराला अजून आठवतं. मला आठवत नव्हतं.)

घास खाली ठेवून मी उठले. जुन्या डब्यावर यंत्र चालूच होतं. मी दरवाजा हाताने पूर्ण वर उचलला. पातं थांबलं नाही. वर, खाली, वर, खाली, साबणाच्या वड्यांवर आपलं चालू. दरवाजा सताड उघडा आणि पातं चालू. दरवाजा उघडला की पातं थांबायलाच हवं, तो असतोच त्यासाठी. मी यंत्र बंद केलं आणि जुन्या पट्टीचं झाकण काढलं. तिथे, दरवाज्याच्या स्विचच्या दोन टोकांमध्ये, बोटभर लांबीची लाल वायर. तिने स्विचला बाजूला ठेवून जुन्या डब्याला कायमचं सांगून ठेवलं होतं, की दरवाजा बंद आहे, तू काळजी करू नकोस. वायरीला चिकटपट्टीचा तुकडा, त्याच्यावर शाईने 'दोन दिवसांपुरते' आणि तारीख. एकोणीस वर्षांपूर्वीची. अक्षर मी ओळखलं.

जावयाची नवी वायर या पट्टीवरून जातच नव्हती, म्हणजे बिचारा जावई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. दरवाजा उघडा, दरवाजा उघडा, असं शंभर वेळा सांगत होता. ज्या डब्याचा तो कान एकोणीस वर्षं बांधलेला होता, तो आम्हाला शहाणा वाटला, आणि ज्याला सगळं ऐकू येत होतं त्याला आम्ही बिघडलेला ठरवलं. मी तर अहवालात 'खोट्या सूचना देतो' असं लिहूनही ठेवलं होतं. तो कागद मी फाडला. ताईंना बोलावून वायर दाखवली, दरवाजा उचलून पातं दाखवलं. त्यांनी दोन्ही हात समोर धरून बोटं मोजली आणि म्हणाल्या, "दहा आहेत, मॅडम. वापरलेली आहेत, पण दहा आहेत."

पुढचं सोपं होतं. कागद तिरका का जातो हे एकोणीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, कारण ताईंची टपली होती. मी कागदाचा रूळ उघडला, तर आतलं रबराचं कडं झिजून अर्धं राहिलेलं. नवीन कडं घातलं. कागद सुतासारखा सरळ. दरवाजा उघडायचं कारणच संपलं. जावयाला पुन्हा त्याच्या जागी बसवलं आणि त्याची माफी मागितली. (मनातल्या मनात, पण मागितली.) पहिल्या दिवशी तो दोनदा थांबला, कारण ताईंचं कोपर अजून सवयीने उठत होतं. नंतर कोपरही शिकलं. काल पंधरावा दिवस. सकाळी घंटा झाल्यापासून संध्याकाळी घंटा होईपर्यंत म्हातारी एकदाही थांबली नाही. मोठे साहेब स्वतः उभे होते, कशात तरी खोट निघेल म्हणून घड्याळ बघत. शेवटची वडी गुंडाळून बाहेर आली तेव्हा तिघींनी अशा टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या विभागाला वाटलं कुणीतरी निवृत्त झालं. साहेबांनी 'योग्य'पुढे सही केली आणि म्हातारीचं नाव भंगाराच्या यादीतून माझ्यासमोर खोडलं. तिखट ताई साहेबांदेखत म्हणाल्या, "जावई चांगला निघाला हो, पण त्याआधी सासर सुधारावं लागलं." मी काल घरी गेले ती स्कूटर खड्डे चुकवत, हळूहळू, राणीसारखी. मिक्सर परत केला. सासूबाईंनी तो पुसून जागेवर ठेवला आणि "पास झाला का गं?" असं विचारलं. कोण, ते मी विचारलं नाही. हो म्हटलं.

तर मामा, तुमचं म्हणणं हरलं आणि तुमची शिकवण जिंकली. कुणाचा मान मोठा ते तुम्हीच ठरवा. मामीला माझा नमस्कार आणि कॅलेंडर सांभाळल्याबद्दल वेगळे आभार. लिंबाच्या झाडाला कमी ओरडा, ते अजून लहान आहे.

तुमची,
पॅनेलात डोकं घालून बसणारी भाची

ता. क. पाकिटात तो लाल वायरीचा तुकडा ठेवला आहे, चिकटपट्टीसकट. साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, रजिस्टर बघू. रजिस्टरमध्ये त्या तारखेला लिहिलेलं सापडलं, की उत्पादन अडलंय, दरवाज्याचा स्विच मागवलाय, तोवर सोय करावी. खाली तेव्हाच्या पर्यवेक्षकाची सही. ते पर्यवेक्षक म्हणजे आजचे मोठे साहेब. त्यांनी रजिस्टर स्वतःच मिटलं आणि कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राचा प्रत्येक दरवाजा या आठवड्यात तपासायचा हुकूम काढला. आतापर्यंत आणखी तीन वायरी निघाल्या आहेत.

आणखी एक ता. क. अक्षर ओळखलं असं वर लिहिलंय, तेव्हा तुम्ही स्वतःला दोष देत बसला असाल. देऊ नका. चिकटपट्टी नीट बघा. 'दोन'चा 'द' शेपूट हलवणारा आहे. ते अक्षर माझं आहे. वायर तुम्ही जोडलीत, बॅटरी मी धरली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, "लिही वर, दोन दिवसांपुरते. आणि पोरी, दोन दिवसांनी मला आठवण कर." मी केली नाही. ताईंच्या दहा बोटांनी माझा विसराळूपणा एकोणीस वर्षं सांभाळला. विसरभोळा म्हणून मी त्या जुन्या डब्याला हसत होते.

शेवटचा ता. क. म्हणून आता आठवण करायला मी चुकणार नाही. मामी म्हणते, डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र तुम्ही एक दिवस लावलंत. मग "कुठल्या अनोळखी कंपनीचं आहे, फार आवाज करतं, पंखा ऐकू येतो, भांडी ऐकू येतात, नळ ऐकू येतो" म्हणून काढून टेबलाच्या खणात ठेवलंत. दोन दिवसांपुरतं. त्याला आठ महिने झाले. मामा, पंखा खरंच वाजतो. नळ खरंच गळतो. ते यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलतंय. मी सांगेन ते करणार होतात ना? जास्त काही मागत नाही. मी जावयाला दिले तेवढेच पंधरा दिवस तुम्ही त्याला द्या. गरम हवा द्या, मिक्सर लावा, काय छळायचं ते छळा, पण कानात ठेवून. रविवारी सकाळी दहा वाजता फोन करीन. हळू बोलेन.